कंसातला शब्द

ठराव क्रमांक चार लिहिताना हात थांबला,
म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहितो आहे.
(रजिस्टरात फक्त ठरलेलंच लिहायचं असतं,
असं संस्थेचे लेखापरीक्षक सांगून गेलेत.)

मार्चात नागपूरहून एक पोरगी आली.
म्हणाली, सगळे देश एका ठिकाणी बसणार आहेत,
पाणथळ जागांचं पुढं काय करायचं ते ठरवायला.
तुमच्यातल्या एकीला बोलता येईल.
दोन मिनिटं.

"दोन मिन्टात तं हातातला शिंगूरचा काटाबी निघत नाही जी,"
काशीनाथ मारबते म्हणाला.

समाजमंदिरात सात रात्री बसलो.
मोबाईलवर घड्याळ लावून फुलवंता वाचायची
आणि प्रत्येकाला आपलं एक वाक्य आत हवं होतं.
रेवता म्हणाली, बेशरम उपटताना हाताले आलेले फोड सांग,
तीन उन्हाळे, कमरेएवढा चिखल.
सुकरूबुवा म्हणाला, दाडक परतला ते सांग,
बोटरी अजून परतली नाही तेही सांग.
खोटं नको.
देवधान, पोवन, चिला, गाद —
नुसती लावलेल्या झाडांची नावं घेतानाच
चाळीस सेकंद जायचे.
नावं कापू म्हटलं तर बाया उठून उभ्या राहिल्या.
शेवटी 'सन्माननीय अध्यक्ष महोदय' कापलं.

गेली. नऊ दिवस पेजेवाचून राहिली.
परतली तेव्हा गळ्यात कार्ड तसंच,
त्यावर फोटो, खाली एक शब्द. निरीक्षक.
म्हणजे पाहणारी.
"पाहत तं आपन इथंबी होतो," रेवता म्हणाली.

नंबर लागला रात्री पावणेबाराला.
अर्ध्या खुर्च्या रिकाम्या,
एक साहेब कोटासकट झोपलेला.
दोन मिनिटांतलं एक मिनिट
पोरीच्या इंग्रजीला द्यायचं असतं,
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.
दाडक पोचला.
बोटरीपाशी लाल दिवा लागला
आणि माइक बंद.

मग तिनं पिशवीतून त्यांच्या मसुद्याचं पान काढलं,
सतरावं, मधोमध घडी पडलेलं.
"हे पाहा, चौकोनी कंस.
ज्या शब्दावर देशाइचं जमत नाही तो कंसात ठेवतेत.
कापतबी नाही, पक्काबी करत नाही."
खालून चौथ्या ओळीत एक कंस होता.
त्याच्यावर पोरीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं:
स्थानिक लोकांसह.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
कागद हातोहात फिरला,
ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही
कंसावर बोट ठेवून पाहिलं.
सुकरूबुवानं तो डोळ्यांजवळ नेला.
"दोन्हीकून पार घातली म्हना की," तो म्हणाला.
"पार असली तं पानी राहते, ते बरोबर.
पन याचा तुडूम कुठं आहे?
तुडूम नसन तं आतलं सडते, बाप्पा."

हे मी रजिस्टरात लिहिलं.
ठरलेलं नव्हतं, तरी.

ठराव चार: पुढच्या वेळीही जावे.
रेवताने जावे. बोटरीपासून सुरुवात करावी.
विषय पाच: तलावाचा ठेका.
गुरुवारी पंचायत समितीत बोली आहे.
मागच्या खेपेला दारात तीन तास उभे होतो,
आणि शिपाई सांगत होता, साहेब मीटिंगात आहेत.
तालुका अठरा किलोमीटर.
तिथं आम्हाला अजून दोन मिनिटं मिळालेली नाहीत.

फुलवंता म्हणाली, मी कार्ड घालून येतो.
सगळे हसले.
मला वाटलं, तीही हसली.

आत्ता तिच्या घरावरून आलो.
अंगणात, जाळ्याशेजारी,
कार्डाची निळी दोरी धुऊन वाळत घातली आहे.
उद्या गुरुवार.